कुवेतला निघालेली खाजणातली कोळंबी

कमळला गप्प बसवणं हे तिच्या आईला जमलं नाही, सासूला जमलं नाही आणि नवऱ्याने तर तो नाद लग्नानंतर महिन्याभरातच सोडला. नवरा अनंता रोज भिवंडीत अन्सारीचाचांच्या यंत्रमागावर कामाला जायचा. कमळ खाडीकाठच्या गावात राहायची आणि दाजीशेटच्या खाजणात कोळंबी निवडायला जायची. खाडीचं खारं पाणी बांध घालून अडवलेली ती तळी. भरतीबरोबर कोळंबी आत यायची, वाढायची, आणि ओहोटीला बांधातल्या उघाडीची फळी काढून तिच्या तोंडाशी जाळं लावलं की चमचमत बाहेर पडायची. बायका ती निवडून पाट्या भरत आणि पाट्या बाजारात जात. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. आखाती देशांत नोकरीला जाणाऱ्यांची गोष्ट आता खाडीकाठच्या गावांतही निघू लागली होती. अशातच एका सकाळी दाजीशेट बांधावरूनच हाका मारत आले. एरवी सावकाश चालणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांच्या धोतराचा काठ चिखलात लोळत होता आणि त्यांना पत्ता नव्हता.

"कमळे, ऐकलंस काय? आपली कोलंबी इमानात बसनार हाय. कुवेतला चालली."

"कोलंबी इमानात, आनी आमी चिखलात व्हय?" कमळ म्हणाली, आणि सगळ्या बायका हसायला लागल्या.

पण गोष्ट खरी होती. कुवेतच्या एका हॉटेलवाल्याला गोठवलेली नको होती, ताजी कोळंबी हवी होती. बोटीने न्यायची तर वाटेतच नासणार. सकाळी खाजणातून काढायची, थर्माकोलच्या खोक्यात बर्फात बसवायची, संध्याकाळी सांताक्रूझच्या विमानतळावर पोचवायची; दुसऱ्या दिवशी ती तिकडच्या तव्यावर. मुंबईचा एक दलाल कागदपत्रं बघणार होता. कमळला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आपल्या हाताने निवडलेली कोळंबी समुद्र ओलांडून जाणार, या नुसत्या कल्पनेनेच तिचं पोट भरलं होतं.

पहिली खेप मोठ्या थाटात निघाली. बायकांनी खोक्यांना हळदकुंकू लावलं. दाजीशेटचा मॅटाडोर चालवायचा कमळचा थोरला भाऊ दौलत. तो आणि दाजीशेट पुढे बसून गेले. आणि दिवस मावळताना तेच खोके घेऊन परत आले.

"काय झालं दादा?" कमळने धावत जाऊन विचारलं.

"वजनकाट्यावर ठेवलं नि खोका गलायला लागला," दौलत म्हणाला. "तिथला साहेब म्हनला, हे खारं पानी इमानाच्या तलात उतरलं तर पत्रा खाऊन टाकंल. एक थेंब गलला तरी माल चढनार न्हाय."

दाजीशेट ओट्यावर बसले ते खाली मान घालून. कोळंबी दुसऱ्या दिवशी भिवंडीच्या बाजारात विकली गेली, पण त्यांचा सगळा हुरूप गेला होता. "आपल्या नशिबात पाटीच हाय," असं ते म्हणू लागले. हॉटेलवाल्याने आणखी एक संधी द्यायचं कबूल केलं होतं. पुढच्या आठवड्यातलं विमान. ते हुकलं तर तो दुसरीकडे जाणार होता.

"एक खोका माझ्या घरी ठेवा शेट," कमळ म्हणाली. "बघते मी."

त्या दिवसापासून तिच्या अंगणात खटपट सुरू झाली. आधी तिने लाकडाचा भुसा घातला. पाणी टिपलं गेलं खरं, पण भुसा कोळंबीला असा चिकटला की ती रव्यात घोळवल्यासारखी दिसायला लागली. मग भाताचा पेंढा झाला, त्याला वास मारायला लागला. प्लास्टिकची पिशवी घातली तर कोळंबीचे काटे तिच्यात शिरून भोकं पाडत. गावातली माणसं येता-जाता डोकावून विचारत, "कमळे, इमान उडालं काय?" ती हात न थांबवता म्हणे, "चाकं लावतंय अजून."

अनंता हे सगळं बघत होता. एके दिवशी पाळी संपवून आला तो खांद्यावर गठ्ठा टाकूनच. मागावरच्या कोऱ्या सुती कापडाचे तुकडे, काठाच्या चिंध्या, तुटक्या सुताचे गुंते.

"अन्सारीचाचांनी दिलं," तो म्हणाला. "मना म्हनतात, ले जाओ, मगर कुवैतवालों को बोलना, भिवंडी का कपड़ा भी साथ में आया है."

कमळने घाईघाईने कापडाचा जाड थर खोक्यात घातला, वर बर्फ ओतला आणि खोका तिरका केला. पाणी कापडावरून सरसर घसरलं आणि फटीतून बाहेर आलं. कापड जवळजवळ कोरडंच. तिने रागाने तो तुकडा अंगणात भिरकावला.

तिची चुलतसासू धोंडूबाई दारात बसून वाल सोलत होती. तिने तो तुकडा उचलला, बोटांनी चोळला आणि बोळकं पसरून हसली.

"अगं, कोऱ्या कापडाचं दुपटं कोनी पोराखाली घातलंय काय? त्याला कांजी असते. पोरगं मुतलं की सगलं आईच्या लुगड्यावर. तू दोन बालंतपनं काढलीस ना?"

 कमळने कपाळावर हात मारला आणि हसत सुटली. लगेच चूल पेटली. धुण्याचा सोडा घालून हंड्यात सगळं कापड खदाखदा उकळलं, शेजारणींनी मिळून ते आपटून धुतलं. दुसऱ्या दिवशी कुंपणभर पांढऱ्या चिंध्या वाळत होत्या आणि गावाला वाटलं, कुणाकडे तरी तिळी झाली.

या खेपेला प्लास्टिकच्या दोन पिशव्या एकात एक घातल्या. तळाशी उकळलेल्या सुताची गादी, तिच्यावर बर्फाचा चुरा, मग कोळंबी, पुन्हा बर्फ, वर कापडाची घडी. खोका तिरका केला. आडवा केला. अनंताने तर तो डोक्यावर घेऊन अंगणाला फेरी मारली. थेंब नाही.

"मी पन येनार," कमळने दाजीशेटना सांगितलं. ते नको म्हणेपर्यंत ती मॅटाडोरमध्ये चढून बसली होती.

सांताक्रूझच्या मालशेडमध्ये ती पाय ठेवताना क्षणभर बिचकली. केवढं ते छप्पर, केवढ्या त्या पेट्या, आणि बाहेर कानठळ्या बसवणारा घरघराट. मालविभागाचे साहेब चष्मा लावून कागद तपासत होते. खोके बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"पुन्हा तेच? अहो, मी मागेच सांगितलं होतं."

दाजीशेट काहीतरी पुटपुटले. कमळने मात्र एक खोका उचलला, थेट साहेबांच्या टेबलाशी गेली आणि त्यांच्या कागदांवर तो उलटा ठेवला.

"बाई, काय करताय हे?"

"बघा साहेब. किती येल बघायचं तितका बघा."

साहेब अर्धे उठले, मग खाली बसले. आजूबाजूचे हमाल जमा झाले.   बऱ्याच वेळाने साहेबांनी खोका उचलला, खालच्या कागदावरून तळहात फिरवला, मग खोक्याच्या कडा चाचपल्या. त्यांचा चेहरा निवळला.

"मलाही माल अडवायची हौस नाही बाई. पण विमानात माणसं बसतात," ते म्हणाले आणि हमालांकडे वळले. "सगळे उलटे करून बघा. कोरडे असले तर चढवा."

सगळे कोरडे निघाले. गाडीवर रचलेले खोके हमालांनी ढकलत नेले आणि लांबवर, विमानाच्या उघड्या पोटात, एकेक करून ते दिसेनासे झाले. दाजीशेटनी टोपी काढून उगाचच झटकली. दौलतने बहिणीकडे पाहिलं, तर ती तोंडाला पदर लावून रडत होती आणि हसतही होती.

मग वाट बघणं आलं. दाजीशेटच्या भिवंडीच्या गोदामात टेलिफोन होता. त्याच्याभोवती सगळे असे बसले, जणू आत बाळंतीण होती. अखेर मुंबईच्या दलालाचा ट्रंककॉल आला. दाजीशेट रिसीव्हर कानाला लावून नुसतंच "हो, हो" करत राहिले.

"शेट, बोला की," कमळ म्हणाली.

"बर्फ शिल्लक होता म्हनतो. कोलंबी कडक, ताजी. दर आठवड्याला पाठवा म्हनतो. आनी एक, पुढच्या खेपेला जिताडापन पायजे."

बायकांनी एकच कालवा केला. दाजीशेटनी तिथेच खोके भरायचं-बांधायचं सगळं काम कमळच्या हवाली केलं. तिने एकच अट घातली: धोंडूबाईला बसायला खुर्ची आणि दुपारचा चहा.

पुढच्या आठवड्यात तिचं अंगण बायकांनी भरून गेलं. एकीकडे हंडा उकळत होता, एकीकडे मोगरीने बर्फ फुटत होता, आणि मधोमध कमळ एका भल्यामोठ्या जिताड्याला दोन्ही हातांनी धरून उभी होती. खोका आखूड, मासा लांब. शेपटी आत घातली की डोकं बाहेर, डोकं दाबलं की शेपटी उसळी मारून वर.

"वाकवा त्याला जरा," खुर्चीतून धोंडूबाई म्हणाली.

"वाकतोय कुठं, आत्याबाई? शेट हाय तो," कमळ म्हणाली आणि तिने दौलतला हाक मारली, "दादा, मॅटाडोर काढ. लांब खोका बनवून घ्यायला जायचंय, चल लवकर."