मैना कोण होती

त्या मुलीची घटना मला आजही आठवते, आणि आठवली की राग येतो तो माझ्याच अक्षराचा.

माझं अक्षर चांगलं, शिक्षण मात्र सातवीपर्यंत. सावंतवाडीकडच्या एका खेड्यातून शिपाई म्हणून भरती होऊन नाशिकला आलो, तेव्हा या शहरात ओळखीचं एक माणूस नव्हतं. खात्याने कपडे दिले, खोली दिली, पुढे सहायक फौजदारापर्यंत नेलं. ते उपकार मी विसरत नाही. पण एक धास्ती नोकरीभर सोबत राहिली. कधीतरी कोणीतरी विचारील, "याला इथे बसवलं कोणी?" त्यामुळे एखादी गोष्ट कळली नाही तरी मी सहसा विचारत नसे. मान डोलवायचो आणि मग एकटाच झगडत बसायचो.

दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. मी नाशिकच्या एका ठाण्यात हवालदार होतो, गोपनीय काम माझ्याकडे होतं. सायबर कॅफे नवे होते. वरून तोंडी सूचना होती की कॅफेवाल्यांनी गिऱ्हाइकांची वही ठेवावी आणि काही वेगळं दिसलं तर कळवावं. देवळाली कॅम्पच्या बाजारातल्या कॅफेंवर जास्त लक्ष, कारण लष्कराची वस्ती. तिथलाच एक कॅफेवाला एका दुपारी ठाण्यात आला आणि टेबलावर वाकून हळू आवाजात बोलू लागला.

"हवालदारसाहेब, एक गिऱ्हाईक आहे. बघाच तुम्ही."

"काय करतो?"

"करतो नाही, करते. दर मंगळवारी येते. फोटो स्कॅन करते आणि पाठवते. मेल लिहिते ती भाषा मला तरी कळत नाही. मी सिंधी, गुजराती, पंजाबी, सगळी गिऱ्हाइकं बघितली. ही भाषा त्यातली नाही. आणि उठताना सगळं पुसून जाते."

त्याने सहा छापील कागद पुढे ठेवले.

"पुसून जाते, तर तुला हे मिळालं कसं?"

तो खूश झाला. "कॉम्प्युटरमध्ये प्रोग्राम टाकलाय साहेब. जे बटण दाबेल ते लिहून ठेवतो. पासवर्ड पण आलाय त्यात. तोच घालून तिला आलेले मेल छापलेत." एसटीच्या तिकिटामागे त्याने तो लिहून दिला. मी ते तिकीट खिशात घातलं. दुसऱ्याच्या पेटीची किल्ली खिशात टाकतोय, असं तेव्हा मनातही आलं नाही. कोणाचा हुकूम घेतला नाही, कोणी विचारलंही नाही.

निरीक्षक साहेब म्हणाले, "हे इंग्रजी अक्षरात कोण वाचत बसणार? मराठीत लिहून आण."

माझ्या दृष्टीने ते मोठंच काम होतं. इंग्रजी अक्षरं मी एकेक करून लावत असे. दोन दिवस बसलो. एका कागदावर होतं, "male mayna photo dhad". मी लिहिलं, "माल. मैना. फोटो. धाड." दुसरीकडे होतं, "may kasi she". मी लिहिलं, "मे. काशी. शे." 'शे'चा अर्थ लागेना, म्हणून समोर शेरा मारला: "आकडा असावा." पुन्हा पुन्हा येणारे शब्द लाल शाईने अधोरेखित केले. हळूहळू त्यातून एक चित्र तयार झालं. मैना हे टोपणनाव. माल धाडायचा आहे, फोटो त्याच्यासोबत जातात आणि मे महिन्यात काशीला काहीतरी ठरलंय. शब्द सुटे होते, त्यांना सांधणारा मी.

ठाण्याच्या जीपचा ड्रायव्हर सटाण्याचा. रोज माझ्याकडून तंबाखू मागून घ्यायचा. त्याला एक ओळ वाचून दाखवली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण प्रकरण गोपनीय. आणि खरं सांगायचं तर मला न कळलेलं ड्रायव्हरला विचारायची लाज वाटली.

साहेबांनी माझा कागद वाचला आणि दोन अधिकाऱ्यांसमोर म्हणाले, "हे अक्षर बघा. आणि हे डोकं बघा." त्या दिवशी घरी जाताना मी पेढे घेतले होते.

मंगळवारी दुपारी महिला शिपायाला सोबत घेऊन मुलीला कॅफेतून ठाण्यात आणलं. वय विसाच्या आसपास. मूळ गाव बागलाणातलं नामपूर, इथे कॅम्पात मामाकडे राहून नर्सिंग शिकत होती. संशयिताला आपल्याकडचा कागद दाखवायचा नाही, हा आमचा नियम. मी कागद फायलीखाली ठेवला आणि सुरुवात केली.

"मैना कोण?"

"कोण मैना?"

"माल कुठे धाडलास?"

"कसला माल, काका?"

"काका नाही, साहेब म्हण," महिला शिपाई म्हणाली.

"मे महिन्यात काशीला कोण जाणार आहे?"

ती घाबरलेली होती, तरी तिला हसू आलं. "काशीला? आमच्या घरातलं कोणी अजून शिर्डीच्या पुढे गेलं नाही, साहेब."

"मग मेल कोणाला करतेस?"

हसू गेलं. "मैत्रिणीला."

"नाव?"

गप्प.

"राहते कुठे?"

ती एकदम हात जोडून बोलायला लागली. "साहेब, मामाला बोलवा, कॉलेजात सांगा, मला काय करायचं ते करा. फक्त नामपूरला कळवू नका. बापूंना नका बोलवू."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एक शिकलो होतो. माणूस जिथे हातापाया पडतो, तिथेच दाबायचं. तिथेच माल सापडतो. मी फोन फिरवून नामपूरला निरोप दिला. मुलीला संध्याकाळपूर्वी मामाच्या हवाली केलं आणि सकाळी हजर राहायला सांगितलं.

वडील, म्हणजे तिचे बापू, पहिल्या एसटीने आले. कांदा मार्केटात मापारी, दिवसभर काट्यावर उभा राहणारा माणूस. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. बाकाच्या अगदी कडेवर बसले.

"साहेब, पोरीनं काय केलं?"

"तेच विचारायला बोलावलंय. तुमच्या घरात मैना कोणाला म्हणतात?"

"मैना? नाय बा, कोणालाच नाय."

मी फाईल उघडली. माझा मराठी कागद साहेबांकडे होता, म्हणून मूळ छापील कागद काढला आणि अक्षर लावत वाचू लागलो. "मा... ले... माय... ना... फोटो... धाड."

त्यांनी मान वर केली. "परत वाचा."

मी वाचलं. मग त्यांनीच ती ओळ म्हटली, सरळ, एका दमात, घरात बोलतात तशी. "माले मायना फोटो धाड."

"साहेब, हाई अहिराणी शे," ते म्हणाले. "माले म्हणजे मला. मायना म्हणजे आईचा. मला आईचा फोटो पाठव, असं लिहिलंय." त्यांनी हात पुढे केला. "अजून काय लिहिलंय?"

मी थांबायला हवं होतं. पण उलगडा होतोय या भरात मी दुसरी ओळ वाचली. "माय कशी शे." यावेळी माझ्याही तोंडून ती नीट आली. आई कशी आहे. काशी नव्हती, मे महिना नव्हता.

असं विचारणारी एकच असू शकत होती. त्यांची मोठी मुलगी. तीन वर्षांपूर्वी तिने परजातीत लग्न केलं होतं आणि सुरतेला गेली होती. बापाने तिच्या नावाने आंघोळ केली होती. घरात तिचं नाव घ्यायची बंदी होती. धाकटी सुट्टीत गावी जायची, आईचे फोटो आणायची आणि दर मंगळवारी बहिणीला पाठवायची. मोठीचं सगळं त्यांनी आम्हाला चार वाक्यांत सांगितलं; धाकटीचं आता उघडच झालं होतं. मग भिंतीला टेकून उभ्या असलेल्या धाकटीकडे वळले.

"मायले माहीत शे?"

तिची मान होकारार्थी हलली, एवढंच. म्हणजे आईलाही ठाऊक होतं. फोटोसाठी ती मुद्दाम बसत होती.

ते ओरडले नाहीत. मारलं असतं तर मी मध्ये पडलो असतो, निदान तेवढं तरी करता आलं असतं. पिशवी उचलून म्हणाले, "साहेब, चोरीमारीचं काय नाय ना? मग नेतो घरी. शिक्षण बास झालं."

दारातून जाताना मुलगी माझ्यासमोर थांबली. "तुम्ही मला एकदा तो कागद दाखवायचा होता, काका." या वेळी महिला शिपायाने तिला दुरुस्त केलं नाही.

मी अहवाल लिहिला: चौकशीअंती संशयास्पद काही आढळून आले नाही, सबब प्रकरण दप्तरी दाखल करावे. सुंदर अक्षरात. साहेब हसले, "चला, काशी वाचली." ड्रायव्हरची घरची बोलीही अहिराणीच; त्याला कळलं तेव्हा तो मात्र हसला नाही. "दादा, मला विचारायचं ना," म्हणाला. महिला शिपाई आपणहून कॉलेजात चौकशी करून आली. मुलगी परतली नव्हती. परीक्षेला तीन महिने राहिले होते.

लोक आता विचारतात, फोन आपलं बोलणं ऐकतो का हो? ऐकत असेल. मला त्याची तेवढी भीती वाटत नाही. त्या कॅफेतल्या यंत्राने एकही अक्षर चुकीचं दिलं नव्हतं. चोरून घेतलेल्या शब्दांना अर्थ लावणारा माणूस कोण आहे आणि तो विचारायला किती लाजतो, याची मला भीती वाटते. आमच्या सावंतवाडीकडे 'मला'ला 'माका' म्हणतात. नाशिकला आलो तेव्हा लोक हसले म्हणून मी तो शब्द तोंडातून काढून टाकला. तो जागा असता तर 'माले' मला ऐकू आला असता.

एक गोष्ट मी अहवालात लिहिली नाही. ते तिकीट माझ्याजवळच होतं. महिनाभराने मी त्याच कॅफेत गेलो आणि तिचा मेल उघडून घेतला. सुरतेहून तीन मेल येऊन पडले होते, कोणीच न वाचलेले. शेवटच्यात एकच ओळ होती, "manawar rag she ka". आता मला वाचता येत होतं. मनावर म्हणजे माझ्यावर. माझ्यावर राग आहे का.

उत्तर दोन शब्दांचं होतं. राग नाही. मी अक्षरं शोधत बटणांवर बोट ठेवलं, आणि दुसऱ्याच्या नावाने लिहिलं तर गुन्हा होईल, नोकरी जाईल, असं मनात आलं. सहा पत्रं वाचताना हे आलं नव्हतं. मी कॅफेवाल्याला बंद करायला सांगितलं. पुढे तो पासवर्ड चालेनासा झाला. सुरतेच्या त्या बाईला तिची बहीण आपल्यावर रागावली असंच वाटत राहिलं असणार.