अण्णांनी मोकळी सोडलेली ओळ

महिन्यापूर्वी चामराजपेटहून अक्कांचा फोन आला. "अण्णा गेले. तुमचा एक दगड आमच्याकडं राहिलाय, तेवढा नेतासा काय?" अक्का म्हणजे परशुराम अण्णांची थोरली मुलगी. अण्णा मूळचे निपाणीकडचे. दगडावर अक्षरं कोरण्यात त्यांचा सगळा जन्म गेला. तीन वर्षं मी त्यांच्याकडे फिरकलो नव्हतो. फोन ठेवल्यावर आधी सुटल्यासारखं वाटलं, हे लाज वाटली तरी सांगायला हवं.

मी पुण्याचा, नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत, आणि तीन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. सांडपाण्याची टाकी तुंबली आणि आमचा वॉचमन सिद्दप्पा तिच्यात गुदमरून मेला. रहिवाशांची अडचण बघून तो आपणहून उतरला, असं कमिटीनं कागदावर लिहिलं. मी सही केली. त्याच्या बायकोलाही तेच सांगितलं. मग गेटवर त्याच्या नावाची शिळा लावायचं ठरलं: कन्नडमध्ये 'हुतात्म', खाली इंग्रजीत 'मार्टर'. ते काम घेऊन मी अण्णांकडे गेलो.

अण्णांची एक रीत होती. असा मोठा शब्द कोरायचा तर ते मरण डोळ्यांनी बघितलेल्या माणसाला शेजारच्या स्टुलावर बसवत आणि त्याचं सगळं ऐकूनच छिन्नी उचलत. ही रीत त्यांनी एका म्हाताऱ्या पाद्रीबाबांमुळे धरली होती. त्यांच्या दफनभूमीतले दगड अण्णाच कोरत. पाद्रीबाबांनी सांगितलं होतं, मार्टर मुळात ग्रीक शब्द आणि त्याचा अर्थ नुसता साक्षीदार. बघितलेलं जिवावर बेतलं तरी ज्यानं नाकारलं नाही, तो मार्टर. मरण त्या शब्दाला मागाहून चिकटलं. गल्लीतल्या उर्दूच्या मास्तरांनीही दुजोरा दिला, शहीदच्या मुळाशीही साक्षच आहे. "आपल्या हुतात्म्यात आहुती," अण्णा मला म्हणाले, "त्यांच्यात साक्ष. आहुती त्यानं दिली, सरी, कबूल. साक्ष कोण देणार? बसा स्वल्प. काय बघितलासा?"

मी बसलो आणि कागदावरचं वाक्य म्हणून दाखवलं... अण्णांनी छिन्नी उचलली नाही. "तुमी तिथं होतासा न्हवं?" एवढंच विचारलं. मी चिडलो. तुम्हाला दगड कोरायला दिलाय, चौकशी करायला नाही, असं त्या म्हाताऱ्या माणसाला बोलून बसलो. आठवड्याभरात दुसरीकडून मशीनवर कापलेली पाटी गेटवर लागली. तिच्यासमोरून जाताना मी अजून मान वळवतो.

परवा दगड आणायला गेलो. अक्कांनी गोणपाट बाजूला केलं. सिद्दप्पाचं नाव अण्णांनी कोरून ठेवलं होतं, देखणं, ठसठशीत. वर शब्दाची जागा मोकळी, पेन्सिलीच्या दोन रेघा तेवढ्या मारलेल्या. "पुसू देत नव्हते," अक्का म्हणाल्या. "तुम्ही याल म्हणायचे."

आलो, पण उशिरा. स्टूल तिथंच होतं. त्यावर बसायची हिंमत झाली नाही. म्हणून इथं लिहितो, आणि उद्या हेच सांगायला देवनहळ्ळीला सिद्दप्पाच्या बायकोकडे जाणार आहे. टाकीत गॅस आहे, मशीन मागवा, असं सिद्दप्पा दोनदा म्हणाला. आमचे अध्यक्ष ओरडले, "उतरतोस की नोकरी सोडतोस?" तेव्हा सिद्दप्पानं माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही, आणि तो उतरला.