अर्धवट उताऱ्यांची काळजी

आमच्या उज्जैनमध्येच काय, साऱ्या माळव्यात परीक्षेतला उतारा माझ्या धाकट्या नणंदेइतका जीव लावून वाचणारं माणूस सापडायचं नाही, आणि त्यापायीच ती दर वेळी नापास व्हायची. बँकेच्या परीक्षेत पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं धावत असतं. उतारा वाचायचा, खालची उत्तरं द्यायची आणि पुढे सटकायचं, एवढंच काम. पण हिला उताऱ्यात मुंगी भेटली की ही मुंगीच्या घरी मुक्कामाला. देवास गेटच्या क्लासमधून मुंग्यांचा उतारा वाचून आली, तर मुंग्या रांग मोडतात का ते बघायला तिने व्हरांडाभर साखर पसरली. विरजणाचा उतारा आला त्या आठवड्यात फ्रिजवर, देव्हाऱ्याशेजारी आणि माझ्या नवऱ्याच्या बुटांच्या कपाटात दह्याच्या वाट्या निघाल्या. "वहिनी, कपाटातलं एकदम बढिया लागलंय, मतलब गर्मीचा फरक पडतो ना!" माझ्या नवऱ्याने महिनाभर दह्याला हात लावला नाही.

एकदा तर भर परीक्षेत, वादळात सापडलेल्या कोळ्याचा उतारा नेमका होडी उलटताना संपला. खाली प्रश्न काय, तर 'वादळ'ला समानार्थी शब्द! हिने हात वर करून पर्यवेक्षक बाईंना विचारलं, "मॅडम, वो बच गया क्या?" बाई म्हणाल्या, "कौन?" ते समजावून सांगण्यात हिचा वेळ संपला. घरी येऊन रडली, तीही नापास होणार म्हणून नाही. "त्याची बायको किनाऱ्यावर उभी असेल ना, वहिनी!"

यंदा मात्र वयाची अट आडवी येत होती. ही शेवटची संधी. जन्मभर भावाच्या घरी राहावं लागेल या विचाराने ती आतून खचत चालली होती, आणि ते मला बघवत नव्हतं. मी पदर खोचला. कुकर लावायचा आणि शिट्टी व्हायच्या आत उतारा संपवायचा. "आधी प्रश्न वाच. मग आत शीर, उत्तर उचल, बाहेर पड. चहापाण्याला थांबायचं नाही!"

"पण वहिनी, तो म्हातारा एकटा का राहतो?"

"असा कुणी म्हातारा नाहीच आहे. त्याच्यापाशी फक्त पाच उत्तरं आहेत."

बिचारी ओठ दाबून पुढे वाचायची. डाळीचा रोज गाळ व्हायचा आणि माझा नवरा तो मुकाट्याने जेवायचा.

परीक्षेच्या दिवशी मी नानाखेड्याच्या केंद्राबाहेर ताटकळत उभी होते. ती हसतच बाहेर आली. "सगळा पेपर सोडवला, वहिनी!" मी तिला भर रस्त्यात मिठी मारली आणि सवयीने विचारलं, "उतारा कशावर होता गं?"

ती थबकली. "पता नाही. बघितलंच नाही. उत्तरं उचलली न् निघाली."

ती पास झाली. आता भोपाळला बँकेत आहे, स्वतःच्या पगारावर ताठ मानेने राहते. मला तिचा फार अभिमान वाटतो. तरी तिच्यावाचून करमत नाही, हेही खरंच. परवा फोनवर मीच विषय काढला, "काउंटरवर कसली कसली माणसं येत असतील ना गं?"

"कस्टमर, वहिनी," ती म्हणाली. मी फोन कानाला लावून थांबले, पण पुढे काही आलं नाही.