बडीबाई आणि शेरूचं वजन

बडीबाई कुणाच्याही अंगणात शिरल्या की आधी तिथल्या कुत्र्याच्या बरगड्या चाचपायच्या आणि मग माणसांना जयभीम करायच्या. बरगड्या बोटांना लागल्या की चेहरा फुलायचा. चरबीखाली नाही लागल्या, की घरधन्याची शाळा सुरू! आदिलाबादच्या मराठी शाळेत त्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्तीनंतरही आमच्या गल्लीला त्या बडीबाईच राहिल्या.

हे वेड त्यांना शेरूनं लावलं. शेरू म्हणजे त्यांचा तांबूस गावठी कुत्रा. यजमान कधीच गेलेले, मुलगी हैदराबादला. सगळी माया शेरूच्या ताटलीत उतरायची. तूप लावलेली पोळी, चहात बुडवलेली बिस्किटं, वर साय. "लेकरू हाय, खाऊ दे," म्हणायच्या. लेकरू इतकं फुगलं की एका सकाळी रस्त्यातच बसलं आणि उठेचना. बाईंनी आणि मी त्याला कसंबसं उचलून ऑटोत घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

तिथली तरुण डॉक्टर तेलुगू. तिनं शेरूची छाती तपासली, सांधे दाबून पाहिले आणि हिंदीत म्हणाली, "मॅडम, इसका वजन ही इसकी बीमारी है. ऐसा ही चला तो ज़्यादा नहीं जिएगा. खाना नाप के दो, थोड़ा-थोड़ा चलाओ." परतताना बाई ऑटोत रडल्या. घर आलं तेव्हा मात्र डोळे पुसून म्हणाल्या, "आता पाह्यतोच मी!"

मग काय, गल्लीत धामधूम! शेरूचं निम्मं पोट शेजारीपाजारी भरायचं. बाईंनी दारोदार जाऊन दम दिला, "माह्या शेरूले जो बिस्कीट देईन, त्याले मी पुन्हा चौथीत बसवीन!" अर्धी गल्ली त्यांच्याच हाताखाली शिकलेली, पुढे आलेले हात आपोआप मागे गेले. शेरू रुसला. बाईंनीही संध्याकाळची भजी सोडली. "बाई, तुमी काऊन?" मी विचारलं. "तो पाहून राह्यला अन् मी खाऊन राह्यली, असं कसं व्हईन वं?"

ते पाहून शेजारच्या वहिनींनी आपल्या लठ्ठ मांजरीचं खाणं एकदम बंदच केलं. बाई चपला न घालता धावल्या. "मांजरीले उपाशी नोको ठेवू! लिवर खराब होते तिचं. डॉक्टरीणबाईले विचारून हळूहळू कमी कर!"

शेरूचं वजन व्हायचं कापूस बाजारातल्या काट्यावर. सुरुवातीला आकडा जराही उतरला नाही. बाई हिरमुसल्या, पण सकाळचं फिरणं सोडलं नाही. आणि मग एक दिवस आकडा खाली आला! एक हमाल तेलुगूत ओरडला, "तग्गिंदी! तग्गिंदी!" दुसरा म्हणाला, "कम हो गया!" आम्ही मराठीत ओरडलो, "उतरलं, उतरलं!" कापसाच्या गाड्या थांबल्या, लोक कशासाठी ते न कळताच टाळ्या वाजवू लागले, आणि बडीबाई त्या गर्दीत शाळकरी पोरीसारख्या उड्या मारत होत्या.

त्या वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत आम्ही बाईंच्या बहिणीकडे बेला गावी गेलो. शेतात ससा उठला आणि शेरू बाणासारखा सुटला. बांधावरून थेट पलीकडे! बाई पदर खोचून मागे धावल्या. "पाह्य वं, पाह्य! माहा शेरू पळून राह्यला!" ससा काही सापडला नाही. शेरू जीभ लोंबवत परत आला तेव्हा बाई त्याच्या गळ्यात पडून हसत होत्या, रडत होत्या.

शेरू पुढे बरीच वर्षं जगला आणि म्हातारा होऊन, झोपेतच गेला. मग बाईंना त्या घरात करमेना. त्या मुलीकडे हैदराबादला गेल्या. गल्ली सुनी झाली.

परवा त्यांचा फोन आला. आवाज तोच, खणखणीत. "अवं, इथं एक कुत्रा हाय, ढोलासारखा! लिफ्टशिवाय हलतच नोयता. आता आमी रोज चालतो. आज तो एक अख्खा जिना चढला, अन् वर जाऊन असा भुकला म्हंतो मी!" मी तब्येतीचं विचारणार होते, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "ठेवतो वं. खाली वाट पाहून राह्यला तो."