गच्चीवरच्या खोलीतला कॉम्प्रेसर

दादा जिना उतरून माझ्या दारात आला, तेव्हा बायकोनं दिवाणावरचं वर्तमानपत्र उचलून त्याला बसायला जागा केली. तो बसला नाही. वडील गेल्यापासून तो माझ्याकडं कधी बसत नाही. त्यांच्यामागं घराची वाटणी तोंडीच झाली होती. खालचा मजला माझा, वरचा त्याचा. गच्चीवरच्या खोलीचं बोलायचं राहून गेलं. तिथं मी सुटीच्या दिवशी प्लास्टिकची छोटी विमानं जोडतो आणि रंगवतो. दादाला ती खोली स्पर्धा परीक्षेच्या मुलांना भाड्यानं द्यायची होती. हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं. वहिनी माझ्या बायकोला सांगायच्या, म्हणजे मला कळलं असं धरलं जायचं.

उभ्या उभ्याच त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला.

"हे बघ. तुला एअरब्रश घ्यायचाय म्हणं. हा चार्जिंगचा हाय. पंप नाय, नळी नाय. कुठंबी बसून रंगव."

"कुठंबी म्हणजे कुठं?"

"हितं हॉलमधी. पंख्याखाली. वर पत्र्याखाली कशाला भाजून घेतूस?"

"तुला कधीपासून माझ्या उन्हाची काळजी?"

"घे नायतर नको घेऊ. मी आपलं भाऊ म्हणून सांगितलं."

"भाऊ म्हणून नाही, घरमालक म्हणून सांगितलंस."

त्यानं मोबाइल खिशात घातला आणि जिना चढला. बायको म्हणाली, "चांगलं सांगत होते की ते." मी तिच्यावरही खेकसलो.

यातली लाजिरवाणी गोष्ट ही, की तो सांगत होता तेच बरोबर होतं. एअरब्रश म्हणजे पेनाएवढा फवारा. हवेच्या जोरानं रंगाचं धुकं होतं आणि विमानाच्या पंखावर कुंचल्याचे ओरखडे उमटत नाहीत. ओरखड्यांना कंटाळून मी कितीतरी दिवस त्यावरचे व्हिडिओ बघत होतो. तळहातावर मावणारी विमानं, महिन्या-दोन महिन्यांतून एखादं, हात नवखा. माझ्यासारख्याला चार्जिंगचा पुरेसा होता. तसा एक मी निवडूनही ठेवला होता. फक्त मागवायचा राहिला होता. दादाच्या मोबाइलवर दिसला तो तोच. त्या संध्याकाळी मी तो यादीतून काढून टाकला.

नवशिक्यानं काय बघावं, हे तोवर मला पाठ झालं होतं. रंगाची वाटी वर असावी, म्हणजे रंग कमी लागतो. सुई बसते ते तोंड फार बारीक नसावं, नाहीतर सारखं तुंबतं. खटका दुहेरी असावा, म्हणजे दाबला की नुसती हवा येते आणि दाबून मागं ओढला की रंग. हे सगळं बघून मी ब्रश घेतलाही. पण हवेसाठी कॉम्प्रेसर निवडताना मी एकच गोष्ट बघत होतो, वजन. जे एकदा गच्चीवर चढवलं की "खाली घेऊन जा" असं कुणाला सहज म्हणता येणार नाही, असं काहीतरी मला हवं होतं.

ते गुलमंडीच्या पुढं एका दुकानात मिळालं. गाड्या रंगवणाऱ्यांचं सामान विकणारं दुकान. दुकानदारानं विचारलं, "गाडी कौनसी है साहब?"

"गाडी नाही, विमान."

मी तळहात पुढं करून माप दाखवलं. त्यानं आधी तळहाताकडं बघितलं, मग कॉम्प्रेसरच्या टाकीकडं.

"इत्ते से जहाज को इत्ती बडी टंकी कायकू? छोटा लेव ना. उसमें बी काम होता."

"मोठाच द्या."

"घर में किसी से लडाई है क्या?" तो हसत म्हणाला. मी हसलो नाही.

हमालानं कॉम्प्रेसर वर नेला तेव्हा दादा आपल्या दारात उभा होता. गच्चीवर जायचा जिना त्याच्या दारावरूनच जातो. मी ड्रिलनं भोकं पाडून कॉम्प्रेसर फरशीला बोल्टनं आवळला. खोलीला नवीन कुलूप लावलं. मी उतरत असताना दादा म्हणाला, "विमानतळ काढतूस का वर?"

"चिकलठाण्याचं लहान पडायलंय."

"आवाज खाली माझ्या डोक्यात येतूय."

"कापूस घाल कानात."

ही माझी भाषा. कंपनीत मी कुणाला चढ्या आवाजात बोलत नाही. तिथले लोक मला भला माणूस समजतात, आणि ते कुणी बोलून दाखवलं की मला चोरट्यासारखं वाटतं.

पहिल्या रविवारी एका विमानाला मी राखाडी रंगाचा हात दिला. धुकं बसावं तसा रंग बसला. मला इतका आनंद झाला, की क्षणभर दादाला हाक मारून दाखवावं असं वाटलं. मारली नाही. दुसऱ्या रविवारी ब्रश थुंकायला लागला. रंगाच्या गुठळ्या त्याच विमानाच्या पंखांवर पडल्या. सुई काढली तर तिच्यावर पांढरी खपली. माझ्या डोक्यात एकच आलं. कुणीतरी खोलीत शिरून रंगात काहीतरी कालवलंय.

मी तसाच उतरलो आणि दादाच्या दारात उभा राहिलो. तो जेवत होता.

"माझ्या रंगात काय टाकलंस?"

त्यानं घास खाली ठेवला. वहिनीच बोलल्या, "भाऊजी, कुलूप तुमचं, किल्ली तुमच्या करगोट्याला. आम्ही काय पत्रा उचकटून आलो?"

"तुम्ही काहीही कराल."

"जा खाली," दादा म्हणाला. "जेवतूय मी." ताटावरून त्यानं मान वर केली नाही.

खाली येऊन मी सुई बायकोपुढं धरली. तिनं खपली नखानं खरवडली.

"रंग कोणत्या पाण्यात कालवला? आणि हे धुतलं कशानं?"

"वरच्या नळाच्या."

"तो बोअरचा नळ आहे. त्या पाण्यात डाळ शिजत नाही. मी केससुद्धा धुत नाही त्यानं. इतकी वर्षं राहता या घरात तुम्ही."

महापालिकेच्या नळाला पाणी बऱ्याच दिवसांनी येतं, त्यामुळं पिण्याचं पाणी ती मोजून वापरते, आणि ते वर न्यायला मी मागितलं नव्हतं. भांडी घासायला आणि फरशी धुवायला जे आम्ही वापरतो, तेच क्षाराचं पाणी मी त्या बारीक तोंडाच्या ब्रशमध्ये घातलं होतं. तशी खपली आमच्या बादल्यांवर रोज असते.

"वर जाऊन सांगून या त्यांना," ती म्हणाली.

मी गेलो नाही. चपला घातल्या आणि इन्व्हर्टरवाल्याकडून बॅटरीत घालायच्या, क्षार नसलेल्या पाण्याचा कॅन आणला. उरलेली खपली खरवडून सुई त्या पाण्यानं धुतली. आता ब्रश छान चालतो.

त्यानंतर दादानं खोलीचं नाव काढलेलं नाही. भाड्यानं येणारी मुलं शेजारच्या गल्लीत राहायला गेली, असं बायकोकडून कळलं. खोली माझी झाली, असं म्हणायला हरकत नाही. वहिनींनी मात्र खाली यायचंच बंद केलं, आणि त्याबद्दल बायको मला काही म्हणत नाही.

रविवारी दुपारी जेवून दादा झोपतो. त्याची झोपायची खोली बरोबर माझ्या पायाखाली येते. मी वर जाऊन कॉम्प्रेसर लावतो. टाकी भरली की तो आपोआप बंद पडतो. तो बंद पडू नये म्हणून मी रिकामा ब्रश हातात धरून खटका दाबून ठेवतो. टाकीतली हवा निघून जाते आणि मोटर पुन्हा घरघरायला लागते. सुरुवातीला दादा खालून झाडूच्या दांड्यानं छत ठोकायचा. आता ठोकत नाही. ठोकत नाही म्हणून मी आणखी थोडा वेळ दाबतो.

ते राखाडी विमान अजून तसंच टेबलावर आहे. त्याच्या पंखांवरच्या गुठळ्या घासायच्या राहिल्यात. त्या घासून, वाटीत रंग घालून खटका नुसता मागं ओढायचा, एवढंच काम आहे. मी दाबून बसतो आणि खाली काही हालचाल होते का, ते ऐकतो.