आता तुमची बाजू

साळवे सरांची आणि माझी पहिली भेट म्हणजे भांडणच. मी शाळेत नवी होते आणि हेडमास्तरांनी शेवटचे सगळे तास माझ्या गळ्यात मारले होते. शिक्षकांच्या खोलीत मी तोंडाचा पट्टा सोडला. कोपऱ्यात पेपर तपासत बसलेला उंच, काळासावळा माणूस मान वर न करता म्हणाला, "बाई, हेडमास्तर काय म्हणतात ते आधी सांगा. ते ऐकून 'हो, मी असंच म्हणलो' म्हणतील, इतकं बरोबर सांगा. मंग शिव्या द्या."

अस्सा संताप आला मला! मी नाचणगावच्या भाजीवाल्यांच्या घरची, पुलगावच्या बाजारात आईच्या शेजारी बसून वाढलेली. समोरच्याची बाजू मांडायची असते हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. पण सांगता सांगता कळलं, की दोन शिक्षकांच्या जागा रिकाम्या होत्या आणि हेडमास्तर स्वतः माझ्याहून जास्त तास घेत होते. माझ्या शिव्या घशातच राहिल्या.

आमची शाळा आर्वीकडच्या एका गावात. तिथे ख्रिस्ती घर एकच, सरांचं. रविवारी सकाळी ते सायकलवर पुलगावच्या देवळात जात. चर्चला ते देऊळच म्हणत. शनिवारी शेवटच्या तासाला वर्गात वादविवाद असे आणि त्याचा नियम हाच: आधी समोरच्याची बाजू, मग आपली. शेणखत चांगलं की रासायनिक, यावर एकदा दोन पोरं उभी होती. एकानं दुसऱ्याची टिंगल करत त्याची बाजू सांगितली. वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. "त्यानं हे म्हटलंच नाई. पुन्हा सांग." तीनदा सांगायला लावलं. समोरच्या पोरानं "हो, असंच" म्हटल्यावर सर म्हणाले, "आता तुमची बाजू." हे तीन शब्द त्यांच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ होते.

मार्कांच्या बाबतीत मात्र माणूस दगड. चौतीसचे पस्तीस करा म्हणून पोराचा बाप तासभर बसला, तर त्याला चहा पाजतील, पोराला रोज घरी बोलावून शिकवतील, पण चौतीसचे चौतीसच. मी म्हणे, "एका मार्कानं काय आभाळ कोसळतं का हो?" ते म्हणत, "खोटी साक्ष होते, बाई. मोठ्याच्या पोराले वशिला हाये. गरिबाच्या पोराजवळ एक मार्कशीटच हाये. तेच खोटं केलं तं त्याच्याजवळ राह्यलं काय?"

मॅट्रिकच्या परीक्षेला आमच्या शाळेला जत्रेचं रूप येई. दगडाला गुंडाळलेल्या चिठ्ठ्या खिडक्यांतून आत पडत, मामे-काके भिंतीवर चढलेले. एका वर्षी सर आमच्या परीक्षा केंद्राचे प्रमुख झाले. त्यांनी खिडक्यांखाली स्वतः खुर्ची टाकली, काही पोरांचे पेपर काढून घेतले आणि बोर्डाला कळवायचं ठरवलं. त्या पोरांत संस्थेच्या अध्यक्षांचा, भाऊसाहेबांचा पुतण्याही होता. परीक्षा संपली त्याच दिवशी संध्याकाळी भाऊसाहेबांनी शाळेच्या पटांगणात गाव गोळा केलं. सरांनी अहवाल पाठवू नये, नाहीतर नोकरी सोडावी, असा सरळ हिशेब होता.

भाऊसाहेब लाउडस्पीकरवर गरजले, "पोरायचं वाटोळं करून राह्यला हा माणूस!" मागून कुणीतरी ओरडलं, "त्याले काय त्याचं? त्याचा धर्मच वेगळा!"

सर उठले. शनिवारच्या तासाला उभे राहत तसेच, हात मागे बांधून.

"आधी तुमचं म्हणणं सांगतो. चुकलं तं टोका," ते म्हणाले. "माह्यामुळे पोरायचं वर्ष गेलं. अहवाल गेला तं केंद्र जाईन. पोरायचं काई नाई, ते आर्वीले जातीन. पण पोरीले परगावी कोण पाठवते? त्यायची शाळा संपली. आन मी बाहेरचा. तुमच्या घरी पोळ्याले जेवतो आन तुमचीच पोरं पकडतो. असंच म्हणता न तुम्ही?"

इतकं नेमकं तर भाऊसाहेबांनाही सांगता आलं नव्हतं. एक म्हातारी डोळे पुसत होती. "हो! असंच! असंच!" गर्दी गरजली आणि टाळ्या पडल्या.

भाऊसाहेबांनी माईक ओढला. "सरायनं कबूल केलं! सभा संपली!"

लोक उठले. सर म्हणत होते, "थांबा, आता माही बाजू..." पण लाउडस्पीकर बंद झाला होता. मी ओरडले, "अहो, बसा! त्यांचं झालं नाही अजून!" कोण ऐकतं? त्या गर्दीत सरांचे कितीतरी जुने विद्यार्थी होते. नियम त्यांना पाठ होता. तेही चपला शोधत निघून गेले. मेल्यांनो, एकानं तरी थांबायचं होतं!

सरांनी अहवाल पाठवला आणि नोकरी गेली. "स्वतःच्या तोंडानं कबुली दिली" हेच कारण संस्थेनं लिहिलं. केंद्रही गेलं. पुढच्या वर्षी बऱ्याच पोरी खरंच घरी बसल्या.

सर पुलगावला देवळामागे एका खोलीत राहू लागले. मी वांगी, मेथी घेऊन जाई. एकदा न राहवून म्हटलं, "आधी स्वतःचं का नाही बोललात?"

"मंग त्यायचं कोणी ऐकलं असतं?"

"आणि तुमचं कुणी ऐकलं?"

बराच वेळ ते खोकत राहिले. मग म्हणाले, "नाई ऐकलं. पण पोरीयबद्दल गावाचं म्हणणं खरंच होतं, बाई. ते मले झोपू देत नाई."

एका हिवाळ्यात सर गेले. शाळेनं मोठ्या वर्गात शोकसभा घेतली, अध्यक्षस्थानी भाऊसाहेबच. फोटोला हार घालून म्हणाले, "सर एवढे मोठ्या मनाचे, का आपली चूक त्यायनं चारचौघात कबूल केली."

मी उठले. "भाऊसाहेब, तुमचं म्हणणं असं, की सरांना चूक कळली आणि ती त्यांनी मानली. बरोबर?"

"बरोबर."

मग मी सरळ दाराकडे गेले, दार लोटलं आणि आतून कडी घातली. "आता सरांची बाजू. ती संपेपर्यंत कुणी उठायचं नाही."

आणि मार्कशीटपासून सुरुवात केली. सगळे बसून राहिले, भाऊसाहेबसुद्धा. सर असते तर त्यांनी आधी मला ती कडी काढायला लावली असती.