गाऱ्हाण्यात गेलेला क्लब

आमच्या गावच्या फुटबॉल क्लबाचा मालक कोण, हा प्रश्न शेट मुंबईहून येईपर्यंत कुणाला पडलाच नव्हता. गोलचे खांब एकाच्या बागेतल्या पोफळीचे, जाळी दुसऱ्याच्या मासे धरायच्या जुन्या रापणीची, मैदान म्हणजे भातकापणी झालेला चार घरांचा मळा आणि चेंडू हायस्कुलाचा. ज्याला राग येई तो आपली वस्तू उचलून घरी जाई. एकदा जाळीवाल्याच्या पुतण्याला बाहेर बसवला, तर तो भर मध्यंतरात जाळी सोडून, खांद्यावर टाकून चालता झाला. उरलेली मॅच तशीच खेळले आणि गोल झाला की चेंडू आणायला व्हाळाच्या पाण्यात उतरायचे.

मालवणच्या रस्त्याला माझी खानावळ आहे. रविवारी मॅच संपली की सगळे चाहते माझ्या पडवीत येऊन बसतात आणि हरल्याचं खापर एकमेकांच्या डोक्यावर फोडतात. मी वाढता वाढता भांडते. हातात डाव असला की माझ्या तोंडाला जास्तच धार येते असं लोक म्हणतात, म्हणोत बापडे. फुटबॉल मला कळतो का, असं नव्या गिऱ्हाइकाने विचारलं की मी सांगते, अरे बाबा, संघाचा प्रशिक्षक माझ्याच घरात जेवतो, न कळून जाते कुठे?

प्रशिक्षक म्हणजे माझा धाकटा भाऊ. हायस्कुलात पीटीचा मास्तर आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने संघ हातात घेतला आणि पहिलं काम काय केलं, तर पोट सुटलेले सगळे खेळाडू घरी बसवले. त्यांच्या जागी आठवी-नववीतली पोरं उभी केली. "पाच वर्सां थांबा," म्हणाला. "ही पोरां एकत्र वाढतली, एकत्र खेळतली. मगे बघा."

थांबलो. शेजारच्या गावाकडून हरलो, त्यापलीकडच्या गावाकडून हरलो. देवगडला तर असा सडकून मार खाल्ला की परत येताना टेम्पोत कुणी साधी शिटी वाजवली नाही. भाऊ मात्र टेम्पोच्या फाळक्याला टेकून पोरांना सांगत होता, आज पास कसे छान जुळले. मला वाटलं, ह्याला खाली ढकलावा.

पडवीत दोन तट पडले. एका बाजूला आमचे निवृत्त पोस्टमास्तर. हे पहाटेपर्यंत जागून टीव्हीवर परदेशातल्या मॅची बघतात आणि सकाळी आपणच खेळून आल्यासारखे दमलेले असतात. त्यांचं म्हणणं, क्लबाला धनी हवा. "थंय बघा. मालक इलो, चांगले खेळाडू इले, दोन वर्सांत कप घरात."

"आणि मालक कंटाळलो मगे?" मी विचारलं.

"मगे दुसरो मालक."

"म्हणजे क्लब काय भाड्याची सायकल?"

दुसऱ्या बाजूला आमचा रिक्षावाला. तो आधी संघाचा सेंटर फॉरवर्ड होता, भावाने घरी बसवलेल्यांतला पहिला. त्यामुळे त्याने तरी भावाच्या विरुद्ध असायला हवं, पण गडी असा की जो जेवण झाल्यावर सुपारी देईल त्याच्या बाजूने. मी द्यायचे. मग तो ठणकावून सांगायचा, "कलम लावल्यार दुसऱ्याच वर्सा आंबो गावता काय? दम धरूक व्हयो." पोस्टमास्तर म्हणत, "कलम जगता काय ता तरी बघ मरे! तीन वर्सां झाली, मोहोर खंय आसा?" ह्यावर रिक्षावाला माझ्याकडे बघायचा. मी त्याच्यापुढे आणखी एक सुपारी सरकवायचे.

गेल्या गणपतीत शेट आले. माणूस आमच्याच गावचा. पोरवयात मुंबईला गेला, बांधकामात पडला आणि मोठा झाला. चतुर्थीला गावी येतो तेव्हा गाडी पाणंदीत मावत नाही म्हणून हमरस्त्यावर ठेवून चालत घरी जातो. पोस्टमास्तरांनी त्याला माझ्याच पडवीत गाठला आणि माझ्याच हातचं सुरमईचं तिखलं वाढायला लावून क्लब त्याच्या गळ्यात घातला. शेट म्हणाले, घेतो. कपडे देतो, दिवे लावतो, मैदान नीट करून देतो. पण क्लब माझ्या नावाचा आणि संघ मी ठरवणार. गोव्यातनं पाच-सहा तयार खेळाडू आणू. ह्या वर्षीच कप.

पंगतीतच बसलेला भाऊ शांतपणे म्हणाला, "आणि माझी पोरां?"

"बसतील बाकावर. बघून शिकतील."

भाऊ उठला आणि हात धुवून निघून गेला. मी शेटांच्या पानात परत भात वाढला नाही. माझ्या खानावळीत एवढा अपमान पुरतो.

त्याच आठवड्यात पुण्याच्या एका मोठ्या शाळेतून भावाला बोलावणं आलं. हिरवंगार मैदान, राहायला जागा, चांगला पगार. त्याने मला सांगितलं ते बांगडे साफ करताना. मी म्हटलं, "बरा आसा. जा." आणि पुढचा बांगडा असा कापला की शेपटीबरोबर अर्धा मासा गेला. माझा नवरा बोटीवर, वर्षातला बराचसा काळ पाण्यात. घरात बोलायला, भांडायला, जेवायला वाट बघायला हा एकच माणूस. पण आई गेल्यावर ह्याला मी वाढवला. अशाला थांब म्हणायचं म्हणजे केलेल्याची परतफेड मागण्यासारखं. आणि थांबून करणार काय, तर दर रविवारी हरणार. मी त्याला ह्या ना त्या कारणाने रोज शिव्या घातल्या, पण तेवढं एक वाक्य काही तोंडातून निघालं नाही.

अजून क्लब कुणाला दिला नव्हता, एवढाच धीर होता. मग भातकापणी झाली आणि मळ्यात नारळ ठेवायचा दिवस आला.

आमच्याकडे कुठलंही काम गाऱ्हाणं घातल्याशिवाय सुरू होत नाही. गावकर म्हणजे गावचे मानकरी, म्हातारे, कडक. ते नारळ हातात घेऊन देवाला हाक मारतात आणि त्यांच्या दर वाक्याला आपण सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. लहानपणापासूनची सवय. पाळण्यातलं पोरसुद्धा मान हलवतं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या तुझ्या लेकरांनी मळ्यात खेळ मांडलो हा, तो गोड मानून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाचो हात मोडूचो नाय, पाय मोडूचो नाय, अशी राखण कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची वाकडी नजर पडली आसात ती भायरच्या भायर घालव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्यो क्लब आमी मुंबयच्या शेटांच्या पदरात घालतंव, त्येंच्या हातान ह्येका यश दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. आणि मग सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. मी म्हटलं होतं, रिक्षावाल्याने म्हटलं होतं, बाजूला उभ्या असलेल्या पोरांनी म्हटलं होतं. अगं बाई, माझ्या भावानेही म्हटलं होतं! पोस्टमास्तर तेवढे गालात हसत होते. मागाहून कळलं, आदल्या दिवशी गावकरांकडे जाऊन ते वाक्य त्यांनीच सुचवलं होतं, आणि गावकरांना वाटलं, गावाचं ठरलेलंच आहे.

"देवाक शब्द दिललो हा," पोस्टमास्तर म्हणाले. "आता विषय सपलो."

आणि खरोखरच संपला. सभेत दिलेला शब्द आम्ही चहा गार होण्याआधी फिरवतो, पण गाऱ्हाण्यातला फिरवायची कुणाची छाती नाही. दुसऱ्या दिवशी भाऊ माळ्यावरची बॅग काढून झटकत बसला. मी त्याला म्हटलं, धूळ बाहेर झटक, माझ्या भातात पडते.

मग मात्र माझं डोकं फिरलं. टोपात तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, आमटी घेतली आणि सरळ गावकरांचं घर गाठलं. त्यांना सगळं सांगितलं. ती पोरं बाकावर बसणार, भाऊ पुण्याला जाणार, आणि हे गावाच्या नावाने ठरवलं कोणी, तर एकट्या पोस्टमास्तरांनी. म्हातारा ऐकता ऐकता लाल झाला. पोरांचं काय होईल यापेक्षा त्याला दुसरंच झोंबलं.

"माझ्या तोंडात आपले शब्द घातल्यान त्येणा?"

"घातल्यान."

"शब्द माघारी येवचो नाय गो. देव काय दुकानदार आसा, माल परत घेऊक?" त्यांनी टोपावरचं झाकण उचलून वास घेतला. "पण शेट येतले तेव्हा परत नारळ ठेवचोच लागतलो."

आणि टोप घेऊन आत गेले. मी घरी आले ती चरफडतच. एवढी आमटी फुकट गेली असं वाटलं.

पहिल्या मॅचला शेट आले. अंगात पांढरा झब्बा, मागे नव्या कपड्यांचे खोके. गोव्याचे खेळाडू पुढच्या रविवारपासून येणार होते, म्हणून त्या दिवशीपुरती आमचीच पोरं उतरणार होती. नारळ ठेवला. शेट हात जोडून सगळ्यांच्या पुढे उभे राहिले. गावकरांनी घसा खाकरला.

"बा देवा म्हाराजा, ह्या शेटांनी आमचो क्लब पदरात घेतलो हा, त्येंका उदंड आयुष्य दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शेटांचा आवाज सगळ्यांत मोठा.

"त्येंच्या धंद्यात बरकत दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जी पोरां आज मळ्यात उभी आसत, तीच पोरां पाच वर्सां सांभाळूक ह्येंका बळ दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि पोरां हरली, आपाटली, तरी भायरसून खेळाडू हाडूची दुर्बुद्धी ह्येंका होऊ देव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शेट म्हणाले, आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

मुंबईत कितीही मजले चढलेला असो, गाऱ्हाण्यात माणूस गावचाच होतो. पोस्टमास्तर पुढे सरसावले, "पण क्लब शेटांचोच मां?" गावकर नारळ फोडत म्हणाले, "शेटांचोच. नाय कोण म्हणता?" मी पदर तोंडात कोंबला, नाहीतर तिथेच फुटले असते. रिक्षावाला तर पाठ फिरवून माडाला मिठी मारून हसत होता.

मॅच हरलो. एकाच गोलाने, पण हरलो. शेट आधी खुर्चीत बसले होते, मग उठले, मग खुर्ची कुठे राहिली त्यांना पत्ता नव्हता. शेवटी शेवटी तर रेघेवरून पंचाला अशा अस्सल मालवणी शिव्या घालत होते की त्यांनी गाव कधी सोडला होता असं वाटेना.

संध्याकाळी सगळे पडवीत जमले. शेट घामेजलेल्या झब्ब्यात भावासमोर बसले. "सर, एक खरा सांगा. पाच वर्सांत जिंकतलंव?"

मी सोलकढी ओतता ओतता थांबले. हो म्हण रे, मनात म्हटलं, हो म्हणायला तुझ्या बापाचं काय जातं.

"म्हायत नाय," भाऊ म्हणाला. "जिंकतली काय ता म्हायत नाय. पण ह्यांतली चार-पाच हयच रवतली, आपल्या मागच्यांका शिकवतली. मगे तुमी नसल्यात तरी क्लब आसतलो. मी नसलंय तरी आसतलो."

मी नसलंय तरी. म्हणजे ह्याचं जायचं पक्कं आहे. नारळ फुटला, क्लब वाचला, गावकर जिंकले, आणि हा तरी जाणारच. माझ्या हातातला पेला कलंडला आणि कढी पोस्टमास्तरांच्या मांडीवर गेली.

शेट भावाकडे सरकले. "माझ्या पोरवयात हय असा कायएक नव्हता," ते म्हणाले. "आसता तर मी इतक्या घायेन गेलंय नसतंय. सर, देवाक शब्द मी दिलो हा, पण पोरांका सांभाळूक माका येवचा नाय. तुमी पुण्याक जाव नकात."

गेले दोन महिने जे माझ्या तोंडातून निघत नव्हतं, ते ह्या माणसाने, ज्याला मी परत भात वाढला नव्हता त्याने, चारचौघांत सरळ बोलून टाकलं. मला त्याचा इतका राग आला! भाऊ माझ्याकडे बघत होता. तसाच बघत राहिला.

"जाव नको रे," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की माझा मलाच ओळखू येईना. "पोरांसाठी नाय, क्लबासाठी नाय. तू नसल्यार माका करमूचा नाय."

भावाने डोळे पुसले, की घाम पुसला, कोण जाणे. मग ताट पुढे केलं.

"भात घाल गो बाय," म्हणाला. "उद्या फाटफटी, उजाडताच, पोरांका मळ्यात बोलवलेला आसा."